डेटा बँकेतून फुटला, मग भुर्दंड आपण का भरायचा?

शुक्रवारी सकाळी सव्वासात वाजता शेजारच्या मावशी चप्पल न घालताच आमच्या दारात उभ्या होत्या, हातात मोबाईल. "ताई, हे पाय बरं काय आलं," एवढंच म्हणाल्या. दोन मेसेज होते. रात्री २ वाजून १७ मिनिटांनी एक, २ वाजून १९ मिनिटांनी दुसरा, डेबिट कार्डवरून डॉलरमधली खरेदी, दोन्ही मिळून ३८ हजार ४०० रुपये. मावशी कधी नागपूरच्या बाहेर फारशा गेलेल्या नाहीत, मानेवाडा रोडवर भाजी घेतली तरी क्यूआर त्यांची सून स्कॅन करते. ओटीपी आला नाही, कोणाचा फोन नाही, कुठली लिंक दाबली नाही. फक्त दोन आठवड्यांआधी त्यांच्या बँकेचा एक इंग्रजी मेसेज येऊन गेला होता, काही ग्राहकांची माहिती बाहेर गेल्याची शक्यता आहे, सावध राहा असा, आणि तो घरात कोणी वाचलाच नव्हता.

मी २२ वर्षं बँकेत काउंटरवर काढली, आता घरीच असते, त्यामुळे वस्तीतले लोक असं काही झालं की आमच्याकडे येतात. आणि दरवेळी मला एकच दिसतं, लोकांचा हक्क असतो पण तो हक्क तारखेवर आणि कागदावर उभा असतो, आणि नेमके तेच दोन हातचे जातात. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आधी हे समजून घ्या की पैसे गेले कसे. भारतातल्या वेबसाइटवर कार्ड वापरलं की ओटीपी लागतो, पण बऱ्याच परदेशी वेबसाइटवर कार्डाचा नंबर, एक्सपायरी आणि मागचे तीन आकडे एवढ्यावरच व्यवहार होऊन जातो. म्हणजे हा डेटा कुठून तरी फुटला की पुढं तुमची चूक असायची गरजच नाही. फुटतोही कुठून कुठून, बँकेच्या सर्व्हरमधून, बँकेनं काम दिलेल्या एजन्सीकडून, एटीएम चालवणाऱ्या कंपनीकडून, तुम्ही खरेदी केली त्या वेबसाइटवरून. २०१६ च्या ऑक्टोबरात देशातली सुमारे ३२ लाख डेबिट कार्डं अशी धोक्यात आली होती, एटीएमचं काम पाहणाऱ्या एका कंपनीच्या सिस्टीममध्ये मालवेअर, म्हणजे माहिती चोरणारा प्रोग्राम, घुसला होता, आणि स्टेट बँकेनं तेव्हा स्वतःहून सहा लाखांच्या आसपास कार्डं ब्लॉक केली होती. त्या लोकांनी काय चूक केली होती? एटीएममधून पैसे काढले, बस.

तर त्या सकाळी आम्ही काय केलं ते क्रमानं सांगते, कारण क्रम महत्त्वाचा आहे. चहा नंतर, पहिले बँकेच्या अॅपमध्ये जाऊन कार्ड ब्लॉक केलं. अॅप नसेल तर कार्डाच्या मागं टोल फ्री नंबर असतो, तो लावा, २४ तास चालू ठेवणं बँकेला बंधनकारक आहे. फोनवर जो तक्रार नंबर देतात तो कागदावर लिहून घेतला, सोबत वेळ, ७ वाजून ३१ मिनिटं. मग १९३० ला फोन. ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, नोंद झाली की ती सगळ्या संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात पोहोचले असतील तिथं ते थांबवायचा प्रयत्न होतो. तुमचे पैसे यूपीआयनं किंवा ट्रान्सफरनं गेले असतील तर इथं एकेक मिनिट मोलाचं आहे, कारण चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात फिरवतात आणि मग एटीएममधून काढून घेतात. १९३० लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर स्वतः तक्रार टाका, तीच सिस्टीम आहे. मावशींचे पैसे परदेशी वेबसाइटवर गेले होते, तिथं थांबवण्याची शक्यता कमी, तरी नोंद केलीच, कारण ती नोंद पुढं पुरावा म्हणून लागते.

तिसरं काम बँकेला ईमेल, आणि चौथं काम दहा वाजता शाखेत जाऊन अर्ज. लोक म्हणतात फोन केला ना, मेल टाकला ना, आता शाखेत कशाला. जा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेऊन घरी आणा. आमचा अर्ज पाच ओळींचा होता. या या तारखेला या वेळेला झालेले हे दोन व्यवहार मी केलेले नाहीत. कार्ड माझ्याजवळच आहे. ओटीपी, पिन मी कोणाला दिलेला नाही. मेसेज आज सकाळी पाहिला आणि आजच तक्रार देत आहे. रिझर्व बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे माझी शून्य जबाबदारी धरून रक्कम १० कामकाजाच्या दिवसांत खात्यात जमा करावी. सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट, १९३० चा नंबर, आणि कार्डाच्या व्यवहारासाठी बँकेचा डिस्प्यूट फॉर्म असतो तो मागून तिथंच भरला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला ठेवून जा काकू, साहेब आले की पाहतो. मी म्हटलं पोच दे बेटा, आम्ही थांबतो. वीस मिनिटं थांबलो, पण शिक्का घेऊनच आलो.

आता ते २०१७ चं परिपत्रक नेमकं काय म्हणते, कारण सगळा खेळ तिथंच आहे आणि खुद्द बँकेतल्या पोरांनाही ते नीट माहीत नसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व बँकेनं जुनी परिपत्रकं काढून त्यातले नियम एकत्रित निर्देशांत घेतले, म्हणून अर्ज लिहिताना सध्याचा नियम एकदा पाहून घ्या. तुम्ही न केलेला इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला तर नुकसान कोणी सोसायचं याचे त्यात तीन भाग आहेत. चूक किंवा निष्काळजीपणा बँकेचा असेल तर तुमच्यावर एक रुपयाही नाही, आणि इथं तर तुम्ही तक्रार किती दिवसांनी केली हेही बघत नाहीत. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुठल्यातरी तिसऱ्याची असेल, जसं वेबसाइट फुटली, तर मेसेज मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काही नाही, सगळं बँकेवर. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर तुमच्यावर मर्यादित बोजा येतो, झिरो बॅलन्सवालं बेसिक खातं असेल तर जास्तीत जास्त ५ हजार, साधं सेव्हिंग खातं किंवा ५ लाखांपर्यंत लिमिटचं क्रेडिट कार्ड असेल तर १० हजार, मोठी करंट खाती आणि त्याहून मोठ्या लिमिटची कार्डं असतील तर २५ हजार, किंवा व्यवहाराची रक्कम, यातलं जे कमी असेल ते. आणि ७ दिवसांच्या पुढं गेलात की त्या बँकेच्या बोर्डानं जे धोरण ठरवलं असेल ते लागू. सहकारी बँकांसाठी असंच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये आलं, त्यामुळे आमची अर्बन बँक आहे, आम्हाला हे नियम नाहीत असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पतसंस्थेचं मात्र वेगळं आहे, ती सहकार खात्याच्या कायद्याखाली असते, रिझर्व बँकेच्या नाही, तिथं हे संरक्षण धरून चालू नका.

दिवस मोजायचे कसे, यात लोक फसतात. ज्या दिवशी मेसेज मिळाला तो दिवस धरायचा नाही, आणि कामकाजाचे दिवस म्हणजे तुमची मूळ शाखा उघडी असते ते दिवस. मेसेज गुरुवारी रात्री ९ ला आला असं समजा, शुक्रवार पहिला दिवस, मग महिन्यातला दुसरा शनिवार असल्यानं बँक बंद, रविवार बंद, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. म्हणजे मंगळवारपर्यंत तुम्ही पूर्ण सुरक्षित. पण हे गणित वेळ निघून गेल्यासारखी वाटते तेव्हा धीर यावा म्हणून सांगतेय, मंगळवारची वाट पाहायला नाही. आणि मेसेज येण्यासाठी मोबाईल नंबर बँकेत नोंदलेला पाहिजे, जुना बंद पडलेला नंबर असेल तर आजच बदलून घ्या, कारण तुमच्या बाजूनं सगळा हिशोब त्या मेसेजपासूनच होतो.

तिसरा भाग कडक आहे. तुम्ही स्वतः ओटीपी, पिन, पासवर्ड कोणाला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून ज्यांनी घाबरून ओटीपी दिला त्यांनी लाजेपायी लपवू नये, त्याच मिनिटाला फोन करावा, निदान पुढचं तरी वाचते.

आणि डेटा फुटल्यानंतरचा खरा धोका इथंच असतो. बऱ्याचदा फुटलेल्या डेटातून थेट पैसे निघत नाहीत, नाव, शाखा, एफडीची तारीख, कार्डाचे शेवटचे चार आकडे एवढंच चोराकडे जातं, मग तो ते वापरून दुसरा फोन करतो. "मॅडम, तुमची एफडी अमुक तारखेला मॅच्युअर होत आहे ना, डेटा लीक झाल्यामुळे आम्ही सगळ्यांचं व्हेरिफिकेशन करून रायलो." समोरच्याला तुमची एफडीची तारीख माहीत आहे म्हटल्यावर कोणालाही वाटेल बँकेचाच माणूस आहे. माहिती खरी असली म्हणून माणूस खरा होत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चार वेळा सांगा. बँकांना सर्व्हिसच्या कॉलसाठी १६०० नं सुरू होणारी सिरीज वापरायला सांगितलंय आणि बँकांच्या वेबसाइटचे पत्ते आता डॉट बँक डॉट इन वर आलेत, दहा आकडी साध्या मोबाईलवरून बँक म्हणून बोलणाऱ्याचा फोन सरळ कट करा. आणि १६०० वरून आला तरी ओटीपी सांगायचा नाही, बँक तो कधीच मागत नसते.

पुन्हा मावशींकडे. तिसऱ्या दिवशी शाखेतून फोन आला, "काकू, ओटीपी तुम्हीच कोणाला दिला असेल, आठवून पाहा." मावशी रडायलाच लागल्या. वाटायला लागलं की खरंच आपणच काही केलं असेल. हे मी नोकरीत असताना कितीदा पाहिलंय, आणि मला याचा राग येतो, कारण त्याच परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. तुम्ही निर्दोष आहात हे तुम्हाला सिद्ध करायचं नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी एक ओळीचं पत्र दिलं, या व्यवहारासाठी माझ्या नंबरवर ओटीपी पाठवल्याचा आणि तो टाकल्याचा रेकॉर्ड लेखी द्या. ओटीपी गेलाच नव्हता तर रेकॉर्ड कुठून येणार.

कोर्टातही हे टिकलंय. ३ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं स्टेट बँकेच्या एका प्रकरणात गुवाहाटी हायकोर्टाचा निकाल कायम ठेवला. एका ग्राहकानं ऑनलाइन कपडे घेतले होते, परत करायचे होते, त्या कपड्यांच्या वेबसाइटचा डेटा फुटलेला, कस्टमर केअर म्हणून चोराचा फोन आला, अॅप डाउनलोड करायला लावलं आणि ९४ हजारांच्या वर गेले. त्यानं २४ तासांच्या आत कळवलं होतं. कोर्ट म्हणालं पैसे बँकेनं द्यायचे. सोबत हेही म्हणालं की ग्राहकांनी ओटीपी कोणाला देऊ नये, जागरूक राहावं. त्याआधी २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं एका कंपनीचे ७६ लाखांच्या वर गेलेले पैसे बँकेला परत करायला सांगितले, तेही याच परिपत्रकावर बोट ठेवून. म्हणजे हे परिपत्रक नुसतं वेबसाइटवर पडलेलं नाही, वापरलं की चालते.

तुम्ही कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती जमा करायची असते, आणि ज्या दिवशी गेली त्या दिवसापासूनची धरून, म्हणजे व्याजही बुडू नये. बऱ्याचदा त्यावर होल्ड असतो, पासबुकात दिसते पण काढता येत नाही, तेव्हा घाबरू नका. तक्रार जास्तीत जास्त ९० दिवसांत निकाली काढायची, नाही निघाली तर वरच्या नियमाप्रमाणे जी भरपाई बनते ती बँकेला द्यावीच लागते.

इथं एक गैरसमज सांगून टाकते, लोक मला म्हणतात ५ लाखांचा विमा असतो ना बँकेत. तो विमा बँक बुडाली तर. फसवणुकीशी त्याचा काही संबंध नाही.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलं पण पटलं नाही, तर रिझर्व बँकेचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी निकाली काढणारा अधिकारी. एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही. बरेच लोक कागदांची फाईल घेऊन संविधान चौकातल्या रिझर्व बँकेच्या बिल्डिंगसमोर जाऊन उभे राहतात, मी स्वतः तिथून लोकांना परत आणलंय. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर टाकायची असते, किंवा चंडीगडच्या केंद्राला पोस्टानं, आणि काही अडलं तर १४४४८ वर विचारता येते. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केली पाहिजे, थेट लोकपालाकडे गेलात तर परत पाठवतात, म्हणून ती शिक्क्याची पोच. २०२१ च्या योजनेत लोकपाल तुम्हाला झालेल्या नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत आणि मनस्ताप, वेळ, खर्च यासाठी वेगळे १ लाखापर्यंत देऊ शकत होता, १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या योजनेत या मर्यादा ३० लाख आणि ३ लाख आहेत. एक गोष्ट मात्र आधीच ठरवा. तेच प्रकरण तुम्ही ग्राहक आयोगात किंवा कोर्टात टाकलेलं असेल तर लोकपाल घेत नाही. पोलिस तक्रारीचं तसं नाही, ती चालू असली तरी चालते. म्हणून मी तरी सांगीन आधी लोकपाल, मग ग्राहक आयोग.

ग्राहक आयोग नागपुरातच आहे. ५० लाखांपर्यंत मोबदल्याच्या, म्हणजे सेवेसाठी तुम्ही मोजलेल्या रकमेच्या, प्रकरणांना जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. दोन वर्षांच्या आत जायचं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार टाकता येते, बँकेचं हेड ऑफिस मुंबईत असलं तरी तुम्हाला मुंबईला जावं लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

आता ज्यांचे पैसे गेले नाहीत, फक्त डेटा गेलाय, त्यांचं काय. इथं कायदा अर्धवट अवस्थेत आहे हे खरं सांगते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, म्हणजे २०२७ च्या मे पर्यंत थांबावं लागेल. तेव्हापासून डेटा फुटला तर काय फुटलं, कधी फुटलं, त्याचे परिणाम काय होऊ शकतात, आम्ही काय केलं, तुम्ही काय करा आणि कोणाशी बोलायचं हे प्रत्येक बाधित माणसाला विनाविलंब, साध्या भाषेत सांगणं बंधनकारक होईल. डेटा नीट सांभाळला नाही तर २५० कोटींपर्यंत दंड, फुटल्याचं लपवलं तर २०० कोटींपर्यंत. आकडे ऐकून लोक खूश होतात, पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या खात्यात नाही. मला स्वतःला हे चुकीचं वाटते. ज्याचं पॅन, ज्याचा पत्ता, ज्याच्या आईचं नाव बाहेर गेलं त्याला काहीच नाही, हा काय न्याय झाला.

तोपर्यंत जुन्या आयटी कायद्याचं कलम ४३ अ आहे. तुमची आर्थिक माहिती सांभाळण्यात कंपनीनं निष्काळजीपणा केला आणि त्यामुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते, ५ कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या आयटी सचिवांपुढं चालतात. नवा कायदा पूर्ण लागू झाला की हे कलम जाणार आहे, त्यामुळे ज्यांचं मोठं नुकसान झालंय त्यांनी वकिलाला याबद्दल आत्ताच विचारावं. आणि पैसे गेले नसले तरी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पत्र द्याच, माझी कोणती माहिती गेली, कधी, आणि तुम्ही काय केलं. उत्तर गोलमोल येईल. पण उद्या काही झालं तर माहिती बँकेकडूनच गेली होती आणि मी विचारलं होतं हे तुमच्याजवळ तारखेसकट असेल.

घरी बसून करायच्या गोष्टी पटापट सांगते. कार्ड बदलून घ्या, नवीन नंबर आला की जुना डेटा निकामी. अॅपमध्ये इंटरनॅशनल बंद, लागेल तेव्हा चालू करा, रिझर्व बँकेनं २०२० पासून ही चालू-बंदची सोय सगळ्या कार्डांना द्यायला लावलीय. मावशींच्या कार्डावर ती चालू होती, मागच्या वर्षी मुलानं कशासाठी तरी केली आणि तशीच राहिली. यूपीआयसाठी वेगळं लहान खातं ठेवा, पेन्शनचं आणि एफडीचं खातं त्याला जोडूच नका. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, झेरॉक्स द्यायची वेळ आली तर मास्क केलेलं आधार द्या ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहा. आणि सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट देतात, दर तीन महिन्यांनी एकेकीचा काढला तर वर्षभर लक्ष राहते. पॅन फुटलेला असतो तेव्हा तुमच्या नावावर कोणी लोन काढलं की पहिले तिथंच दिसते. चुकीची एंट्री दिसली की तक्रार करा, ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

मावशींचे पैसे आठव्या कामकाजाच्या दिवशी पासबुकात दिसले, होल्डसकट. अडीच महिन्यांनी होल्ड निघाला. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांना एक फोन आला होता, माणूस अगदी गोड बोलत होता, तुमचे ३८ हजार ४०० रुपये रिफंड करायचे आहेत मॅडम, आता एक ओटीपी येईल तेवढा सांगा. रक्कम बरोबर सांगितली त्यानं, रुपयान् रुपया. मावशी म्हणाल्या, "शाखेत येते ना भाऊ, तिथंच दे, पोच पण लागते मले," आणि फोन ठेवून माझ्याकडे आल्या तो नंबर लिहून द्यायला. आम्ही तो पण १९३० ला कळवला.